सूचक कोण, सूचना कशाची?

‘अमुक पक्षी परतला, म्हणजे निसर्ग सावरला’ हे विधान आपल्या निसर्गलेखनात इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. वन्यजीवांना पर्यावरणबदलाचे सूचक म्हणण्यात गैर काही नाही. पण सूचक म्हणजे साक्षीदार, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावीच लागते.

ठाण्याच्या खाडीतले रोहित घ्या. गेल्या तीसेक वर्षांत त्यांची संख्या वाढत गेली. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दर हिवाळ्यात त्यांच्या गुलाबी थव्यांवर लेख येतात आणि बहुतेकांचा सूर ‘खाडी निरोगी झाली’ असा असतो. पण छोट्या रोहिताचे मुख्य खाद्य म्हणजे नीलहरित शेवाळ, आणि त्याला खाडीत खतपाणी मिळते ते बऱ्याच अंशी शहराच्या सांडपाण्यातून. उद्या हे पाणी पूर्ण शुद्ध करून सोडले, तर रोहित कदाचित कमी होतील. तेव्हा आपण ‘पर्यावरण ढासळले’ असे लिहिणार का? खाडी जपलीच पाहिजे. पण सांडपाण्याच्या खुणेला आरोग्याचा दाखला समजून नव्हे.

गिधाडांची साक्ष याच्या उलट. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या गेल्या होत्या. दशकभरात त्या निम्म्याहून कमी झाल्या. सूचना स्पष्ट होती, अर्थ नव्हता. संसर्गजन्य रोगाचा संशय बरीच वर्षे टिकला. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोहोचते, हे २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध झाले. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. म्हणजे पक्षी ‘काहीतरी बिघडले’ एवढेच सांगतो. काय बिघडले, हे माणसानेच शोधायचे असते.

तिसरे उदाहरण ब्रिटनचे. बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच का फुटतात, याचा शोध घेताना डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्राहकांनी जमवलेली जुनी अंडी तपासली. कवच १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अचानक पातळ झालेले दिसले, म्हणजे डीडीटी वापरात आले त्याच सुमारास. १९६७ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जुनी अंडी कुणी तारीखवार जपली नसती, तर तुलना कशाशी केली असती?

माझा आक्षेप आहे तो इथे. आपल्या लेखनात हळहळ भरपूर, नोंद तुटपुंजी. आणि हा दोष मी इतरांवर ढकलत नाही. हा छंद मी कोणत्याही विद्यापीठात शिकलो नाही. वह्या मात्र तीस वर्षे भरल्या. परवा जुनी वही उघडली. गावाबाहेर मेलेली गुरे टाकण्याच्या जागेची नोंद होती : ‘गिधाडे – खूप.’ तारीख नाही, आकडा नाही. आज तिथे एकही गिधाड नाही, आणि किती गेली हे मला सांगता येत नाही. साक्षीदार समोर होता. जबाब नीट लिहून घ्यायचा राहिला.