शाल, नारळ आणि ध्वनिमुद्रण

(चंद्रपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा: ‘ज्येष्ठ गायक कलावंतांना ध्वनिमुद्रण कंपन्यांनी आधार द्यायला हवा.’ मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. विषय मिळाला की त्यातला एखादा शब्द धरून बसायचं, ही आमची जुनी खोड. मी ‘आधार’ हा शब्द धरला. आज मला एवढंच सांगायचं आहे की इच्छा बरोबर आहे, पण हा शब्द चुकलेला आहे. आणि शब्द चुकला की मागणीही चुकते.

आधी एक आठवण सांगतो. माझं लहानपण ब्रह्मपुरी-नागभीडच्या पट्ट्यातल्या एका खेड्यात गेलं. धान निघालं, मंडई भरली, की नाटकं सुरू व्हायची. बैलबंडीत तणस टाकायची, वर चादर अंथरायची आणि शेजारच्या गावी जायचं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडायचा आणि पहाटेपर्यंत नाटक चालायचं. त्या नाटकांत एक गाणारा नट होता. त्याचं पद सुरू झालं की पोरं रडायची थांबत, इतकं मला पक्कं आठवतं.

पुढे पन्नासेक वर्षांनी एका तालुक्याच्या गावी त्याच माणसाचा सत्कार होता आणि वक्त्यांमध्ये मी होतो. शाल झाली, नारळ झाला, स्मृतिचिन्ह झालं. आम्ही चार जण मिळून तास-सव्वा तास बोललो. सत्कारमूर्ती खुर्चीत बसून होते. कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर ते मला म्हणाले, “सर, शाली लय झाल्या. पन गानं म्हना म्हनून कोनी म्हनत नाही जी.”

मी गप्प झालो, कारण मीही म्हटलं नव्हतं. मग तिथेच, बाकावर बसून, त्यांनी एक पद म्हटलं. वरचा सूर आता लागत नव्हता. ते खालून त्याच्याजवळ जायचे, तिथे थांबायचे आणि तो सूर न लावताच परत फिरायचे. तरुणपणी त्यांनी तोच सूर खणखणीत लावलेला मी ऐकला होता. पण त्या पदातलं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्या खिशात मोबाईल होता, तो काढायचं मला सुचलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

ही माझी चूक आहे आणि आजचं व्याख्यान त्या चुकीवरच उभं आहे.

आता कंपन्यांकडे येऊ. आपल्या देशात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली. कलकत्त्याला गौहर जान गायल्या. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्या दिवसापासून एक गोष्ट घडली, जी त्याआधी मानवी इतिहासात फारशी घडली नव्हती: आवाज गळ्यापासून वेगळा झाला. गळा माणसाजवळ राहिला आणि आवाज कपाटात गेला. गळा म्हातारा होतो. कपाटातला आवाज होत नाही.

वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३० च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनावर प्रसिद्ध निबंध लिहिला. प्रत काढली की मूळ कलाकृतीभोवतीचं वलय फिकं होतं, असं तो म्हणतो. मला तिथे एक पुरवणी जोडावीशी वाटते. गाण्याच्या बाबतीत नुसतं वलयच फिकं होत नाही, तर जिवंत गायक स्वतःच्याच प्रतीचा प्रतिस्पर्धी होतो. सत्तरीतल्या गायिकेला लोक म्हणतात, “बाई, रेकॉर्डमध्ये होतं तसं म्हणा ना.” म्हणजे तिने तिशीतल्या स्वतःशी स्पर्धा करायची! ही स्पर्धा कोण जिंकणार?

म्हणून “कंपन्यांना जुन्यांची कदर नाही” ही आपली नेहमीची तक्रार मला अर्धवट वाटते. जुन्या ध्वनिमुद्रणांची कदर त्यांना चांगलीच आहे. २०१७ साली सारेगामा कंपनीने ‘कारवां’ नावाचा, जुन्या रेडिओसारखा दिसणारा संच आणला. आत पाच हजार जुनी गाणी भरलेली. तो घराघरांत गेला. माझ्याही घरी आहे, मुलाने आणून दिला. जुनं विकतं, हे कंपनीला आपल्यापेक्षा आधी कळलं. पण तिला हवं आहे ते जुनं ध्वनिमुद्रण. जुना गायक ही तिच्या हिशेबात वेगळीच बाब आहे.

उदाहरण घेऊ सुलोचना चव्हाणांचं. १९६२ च्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटात जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि वसंत पवारांचं संगीत घेऊन त्या लावणी गायल्या. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. त्यांच्या गाण्याचं मोठेपण कशात? दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन उभी राहणारी ही बाई शरीराचा कसलाही हावभाव न करता, नुसत्या शब्दफेकीवर लावणी उभी करायची. प्रत्येक व्यंजन टाचणीसारखं टोकदार. नाचणारीने पायांनी करायचं ते त्या जिभेने करायच्या.

आता तारखा बघा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क, प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजून, साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही ध्वनिमुद्रणाचा हक्क ३१ डिसेंबर २०२२ ला संपला. सुलोचनाबाई गेल्या १० डिसेंबर २०२२ ला. त्या सालच्या तबकडीचा हक्क गाणाऱ्या बाईपेक्षा एकवीस दिवस जास्त जगला! आणि तो हक्क बाईंचा नव्हताच. कायद्याने तो निर्मात्याचा. गायकाच्या सादरीकरणातून व्यावसायिक कमाई झाली तर त्यात गायकाचाही वाटा, हे कायद्यात स्पष्टपणे आलं २०१२ च्या दुरुस्तीने. तेव्हा सुलोचनाबाई ७९ वर्षांच्या होत्या.

हा प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता, असंही नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकरांनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं: गाणं म्हटलं, पैसे मिळाले, व्यवहार संपला. त्यावरून काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफींचा मनाचा मोठेपणा मी मानतो. पण ज्याला रोज काम आहे त्याने व्यवहार संपला म्हणणं वेगळं आणि ज्याला वर्षातून चार कार्यक्रम मिळतात त्याने म्हणणं वेगळं. मोठ्या माणसाची उदारता लहान माणसाला महाग पडू शकते.

यावर आपण काय केलं? आपण सन्मान शोधून काढला. विठाबाई नारायणगावकरांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही तमाशाची राणी २००२ साली गेली ती पैशाच्या अडचणीत. इस्पितळाचं बिल लोकांच्या मदतीतून भागलं. आज त्यांच्या नावाने राज्याचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. तो जरूर द्यावा. पण त्या पुरस्काराकडे बघताना बिलाची आठवण मला सोडत नाही.

कांट म्हणतो की ज्याच्या बदल्यात दुसरं काही देता येतं त्याला किंमत असते आणि ज्याला बदलीच नाही त्याला प्रतिष्ठा असते. मी हे तीसेक वर्षं वर्गात शिकवलं. निवृत्त झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपला समाज हे वाक्य फार सोयीने वापरतो. ‘तुमच्या कलेची किंमत होऊ शकत नाही’ असं म्हणायचं आणि किंमत द्यायचीच नाही. प्रतिष्ठा ही किंमतीच्या वरची पायरी आहे हे खरं, पण खालची पायरी गाळून वर चढता येत नाही.

‘आधार’ शब्दाची गोम इथे आहे. आधार मागितला की समोरचा आश्रयदाता होतो आणि आपण आश्रित. सरकारचं ज्येष्ठ कलावंतांसाठीचं मानधन आहे, ते वाढून महिना ५००० रुपये झालं, चांगलं झालं. ते म्हातारपणासाठी आहे. पण कंपनीकडे म्हातारपणासाठी पैसे मागायचे नसतात. कंपनीकडे गाण्याचे पैसे मागायचे असतात. जुन्या गाण्यांतला वाटा मागायचा आणि नवं काम मागायचं.

इथे लगेच आक्षेप येतो: “सर, थकलेला आवाज कोण विकत घेणार?” आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर घटनांनीच द्यायला हवं. १९९६ साली क्यूबात, हवानाच्या एका जुन्या स्टुडिओत काही विस्मृतीत गेलेले वादक-गायक एकत्र आणले गेले. त्यातले कॉम्पाय सेगुंडो नव्वदीकडे झुकलेले होते. पियानोवादक रुबेन गोन्झालेस पंचाहत्तरी ओलांडलेले, घरी पियानोसुद्धा नाही. इब्राहिम फेरर सत्तरीला टेकलेले, बूट पॉलिश करून पोट भरणारे. ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ या नावाने तो अल्बम १९९७ ला निघाला, त्याच्या लाखो प्रती गेल्या, ग्रॅमी मिळालं. अमेरिकेत सोल संगीतातले सॉलोमन बर्क २००२ साली साठी ओलांडल्यावर एका लहान कंपनीसाठी नवा अल्बम गायले, त्यालाही ग्रॅमी मिळालं. या दोन्ही ठिकाणी कंपनीने दया दाखवली नाही. तिने भांडवल घातलं आणि मुख्य म्हणजे आवाजाचं वय लपवलं नाही.

आपल्या घरातलं उदाहरण याहून चांगलं आहे. बैठकीची लावणी. यमुनाबाई वाईकर शंभरी पार करून २०१८ साली गेल्या. ही लावणी बसून गायची असते. एकच ओळ गायिका पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी नजरेतून, हातातून, सुराच्या एखाद्या वळणातून नवा अर्थ काढते. हे काम तरुण गळ्याचं नाही. एका ओळीचे दहा अर्थ दाखवायला आयुष्यात दहा प्रकारचे अनुभव यावे लागतात. म्हणजे आपल्याकडे एक अख्खा गानप्रकार असा आहे की जो वय वाढल्यावर पिकतो. आणि तो तीन मिनिटांच्या तबकडीत मावत नव्हता. कंपनीने जे मोजमाप आणलं त्यात म्हाताऱ्या गळ्याची सगळ्यात मोठी ताकद बसतच नव्हती. आज ती वेळेची अडचण उरलेली नाही. सवय तेवढी उरली आहे.

आता आपल्या झाडीपट्टीकडे येतो. इथलं चित्र उलटं आहे आणि म्हणून शिकण्यासारखं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या पट्ट्यात दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. गावातलं मंडळ नाटक ठरवतं, तिकिटं विकतं, आणि लोक थंडीत रात्रभर बसतात. कलावंताला रात्रीचे पैसे मिळतात. इथे पिकलेल्या केसांचा नट आधाराचा विषय नसतो, तो तिकीट खपवणारा नट असतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तोवर हजारो प्रयोग करून प्रेक्षकांनी त्यांना मोठं केलेलंच होतं.

पण इथली उणीवही तेवढीच मोठी आहे. सुलोचनाबाईंना निदान तबकडी होती. इथल्या गाणाऱ्या नटाचं गाणं पहाटे पडदा पडला की संपलं. आजारी पडला तर रात्रीचे पैसे नाहीत, आणि कपाटात आवाजही नाही. कोरोनात हंगाम बुडाला तेव्हा हे सगळ्यांना कळलं. आता लोक मोबाईलवर प्रयोग टिपतात आणि इंटरनेटवर टाकतात. त्यातून गाणं वाचतं हे खरं, पण त्यातून चार पैसे आलेच, तर ते टिपणाऱ्याकडे जातात. १९०२ मध्ये जे झालं तेच गावपातळीवर पुन्हा होत आहे. फक्त कंपनीच्या जागी आपणच आहोत.

म्हणून माझी मागणी मुंबईच्या कंपन्यांपुरती नाही. ती या सभागृहातल्या लोकांकडेही आहे. पुढच्या हंगामाआधी आपापल्या तालुक्यातल्या साठीपुढच्या दोन-तीन गाणाऱ्यांना बोलवा. दंडार गाणारे असतील, खंजिरीवर भजन म्हणणारे असतील, नाटकातली पदं म्हणणाऱ्या बाया असतील. त्यांच्या मुलाखती नंतर घ्या, आधी गाणं घ्या, आणि एक पद वीस मिनिटं चाललं तर चालू द्या. त्याच दिवशी बिदागी हातात द्या. आणि एका कागदावर, त्यांना समजेल अशा मराठीत लिहा की यातून पुढे काही उत्पन्न झालं तर त्यात त्यांचा वाटा किती. एवढं आपण केलं, तर मोठ्या कंपनीला जाब विचारायचा अधिकार आपल्याला येईल. आज तो आपल्याला नाही, निदान मला तरी नाही.

आणि सत्काराला माझा विरोध आहे असं समजू नका. शाल द्या, नारळ द्या. पण भाषणं दोनच ठेवा, आणि उरलेल्या वेळात त्या माणसाला विचारा, “काका, काही म्हणता का?” पेटी-तबला आधीच लावून ठेवा. माझ्या वेळी ते कोणी केलं नव्हतं.

माझा वेळ संपला. काही प्रश्न असतील तर विचारा.