फिरत्या चित्रातील रिकामी बाके

हल्ली आपल्या सिनेगॉगांची ‘व्हर्च्युअल टूर’ मोबाईलवर पाहावयास मिळते. बोट उजवीकडे नेले की उजवी भिंत, वर नेले की छत, खाली नेले की फरशी. आमच्या वयाच्या ज्या मंडळींना प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. मोलाच्या वस्तूची पारखही करावी, म्हणून हे चार शब्द.

कल्पना जुनीच आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली तिचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये खास गोल इमारत उभी राहिली. प्रेक्षक मधोमध, चित्र सभोवार. आज कॅमेरा तिकाटण्यावर उभा राहून चोहोबाजूंचे फोटो काढतो आणि संगणक ते एकमेकांना जोडतो. जोडाच्या ठिकाणी कोणी हलले तर तो माणूस दोनदा उमटतो किंवा अर्धा कापला जातो. म्हणून छायाचित्रकार आधी सर्वांना बाहेर जाण्याची विनंती करतो.

त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण. शब्बाथला आणि सणांच्या दिवशी सिनेगॉगमध्ये कॅमेरा चालत नाही, चालूही नये. अर्थात सिनेगॉग ज्या दिवशी भरलेले असते, नेमका तोच दिवस या चित्रात कधीच येणार नाही. येते ती आठवड्यातली एखादी सुनी दुपार. पाहणाऱ्या नातवाला वाटते, हे असेच रिकामे असायचे.

बहरीनमध्ये जिदहफ्स येथे मुक्कामास असताना हे आम्हांस फार जाणवले. जिदहफ्सपासून जवळच, मनामाच्या जुन्या बाजारात एक लहानसे सिनेगॉग आहे. तेथील यहुदी कुटुंबे मुख्यतः इराकमधून आलेली. १९४७ च्या दंगलीत सिनेगॉगची नासधूस झाली. पुढे कित्येक दशके तेथे नियमित प्रार्थना नव्हती. २०२१ साली नूतनीकरण झाले आणि पुन्हा मिन्यान जमले. त्या वास्तूचे कितीही सुंदर फिरते चित्र काढले, तरी तिची खरी गोष्ट भिंतींत नाही. दहा माणसे पुन्हा एकत्र उभी राहिली, ही ती गोष्ट.

याचा अर्थ रिकाम्या चित्राला किंमत नाही असे नव्हे. ‘दियारना’ या प्रकल्पाने अरब देशांतील यहुदी स्थळे अशाच पद्धतीने नोंदवून ठेवली आहेत. इराकमध्ये अल-किफ्ल येथे यहेझकेल नबींची कबर आहे. तेथे आज किती यहुदी जाऊ शकतात? जेथे जाणेच बंद झाले, तेथे नुसती भिंतसुद्धा साक्ष देते.

आपले तसे नाही. मुंबईचे शाआर हारहमीम १७९६ पासूनचे, अलिबागचे मागेन आबोथ १८४८ चे. तेथे प्रार्थना केलेली माणसे अजून हयात आहेत, हे पान वाचत आहेत. तरीही आम्ही पाहिलेल्या टूरमध्ये एलियाहू हन्नबींची खुर्ची ही केवळ एक जुनी कोरीव खुर्ची म्हणून दिसते. सुंतेच्या वेळी ती का मांडतात, तिच्यावर कोणी का बसत नाही, हे चित्र सांगत नाही. कॅमेरा उभा असतो तेबाजवळ. माडीवरून, कठड्याआडून आपल्या आया-आजींनी जे सिनेगॉग पाहिले, ते त्यात मुळीच नाही. म्हणजे निम्म्या समाजाची जागाच वगळली गेली.

उपाय अवघड नाहीत. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी मंडळींना बाकांवर बसवावे. माणसे क्षणभर स्तब्ध बसली की फोटो बिघडत नाही. कॅमेरा बायकांच्या माडीवरही न्यावा. आणि प्रत्येक वस्तूवर बोट ठेवताच मराठीत कोणीतरी बोलावे: इथे हझ्झान उभे राहत, इथे मुकादम बसत, हा दिवा अमक्याच्या स्मरणार्थ लावलेला.

भिंतींचे फोटो उद्याही निघतील. हे बोलणारे आवाज मात्र आपल्याच पिढीकडे आहेत. तेव्हा पुढच्या वेळी नातवंडांनी असे चित्र पुढे केले, तर नुसते पाहू नये. जे दिसत नाही ते मोठ्याने सांगावे, आणि ते त्याच मोबाईलवर टिपून घ्यायला लावावे.