निष्ठेचे जनुक: बातमी आणि पुरावा

पुरुषांच्या निष्ठेचे जनुक सापडले, अशी बातमी २००८ साली जगभर झळकली. अजूनही ती अधूनमधून डोके वर काढते आणि वर्गात प्रश्न येतो, "सर, हे खरं आहे का?" उत्तर देण्यापूर्वी मूळ संशोधन काय म्हणते ते आपण पाहू.

याची सुरुवात झाली ती उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यापासून. यांचे नर-मादी जोडीने राहतात, पिले मिळून वाढवतात. त्यांचाच भाऊबंद मेडो व्होल मात्र जोडी करत नाही. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दोघांतही असते. फरक असतो तो त्याचे ग्राहक रेणू मेंदूत कुठे व किती आहेत यात. २००४ मध्ये लॅरी यंग यांच्या गटाने विषाणूच्या मदतीने या ग्राहकाचे जनुक मेडो व्होल नरांच्या मेंदूत घातले. हे नर जोडीदारिणीच्या सहवासात जास्त राहू लागले. प्रयोग सुंदर आहे, यात शंका नाही.

पुढची उडी थेट माणसावर. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी जुळ्यांच्या ५५२ जोड्या आणि त्यांचे जोडीदार यांचा अभ्यास केला. याच जनुकाजवळच्या डीएनएचा एक विशिष्ट प्रकार त्यांनी तपासला. त्याच्या दोन प्रती असलेल्या पुरुषांपैकी ३४ टक्क्यांनी मागच्या वर्षात संसारात पेचप्रसंग आल्याचे सांगितले. एकही प्रत नसलेल्यांपैकी १५ टक्क्यांनी.

बातमी इथेच घसरली. प्रश्न पेचप्रसंगाचा होता, बेइमानीचा नव्हे. संसारात खटके पैशांवरून उडतात, दारूवरून उडतात, सासरच्या माणसांवरूनही उडतात. शिवाय दोन प्रती असूनही ६६ टक्क्यांच्या घरी तसे काही घडले नव्हते. गटांच्या सरासरीत फरक दिसला, म्हणून एका माणसाचे भविष्य वर्तवता येत नाही. स्त्रियांत तर असा संबंध आढळलाच नाही.

व्होलचा आधारही वाटतो तितका भक्कम नाही. जोडीने राहण्याशी जोडलेला डीएनएचा लांब तुकडा जोडी न करणाऱ्या बहुतेक व्होल जातींतही असल्याचे २००६ मध्ये दिसले. २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनच्या ग्राहकाचे जनुक काढून टाकलेल्या प्रेअरी व्होलनीही जोड्या जमवल्या. आणि जोडीतल्या मादीच्या पिलांचा बाप कधी कधी दुसराच नर असतो! 'निष्ठा' हा शब्द आपला. व्होलचे वागणे म्हणजे फक्त सहवास.

याचा अर्थ जनुके आणि संप्रेरके यांचा काहीच वाटा नाही, असे आम्ही म्हणत नाही. वाटा आहे, पण तो अनेकांपैकी एक. 'माझी जनुकेच तशी' ही सबब आणि 'त्याची जनुकेच तशी' हा शिक्का, दोन्हींना या आकडेवारीत आधार नाही. पत्रिकेच्या जागी जनुके आणून बसवली, तर आपण विज्ञान शिकवले असे होणार नाही.

वर्गात हे आकडे फळ्यावर लिहावेत आणि विचारावे: नेमके काय मोजले? किती जणांना ते लागू पडले नाही? उत्तर विद्यार्थीच काढतील.