गाळातलं जहाज: ‘दिसलं’ आणि ‘सापडलं’ यांत फरक आहे

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तिकेत त्याचा पत्ता दिलाय: भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं आणि पुढे जहाजात चढायचं. त्याच पुस्तिकेत भडोचच्या मुखाशी असलेल्या उथळ जागा आणि अचानक चढणारी भरती यांबद्दल इशारा आहे. जहाजांना आत आणायला स्थानिक कोळी वाटाडे लागायचे.

म्हणजे तिथे जहाजं बुडाली असणार. मग एक तरी सापडलं का? भारताच्या किनाऱ्यावर त्या काळातलं बुडालेलं जहाज अजून मिळालेलं नाही. पण यावरून ‘जहाजं नव्हतीच’ असा निष्कर्ष काढता येत नाही. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, प्रवाह जोरदार आणि पाणी चहासारखं गढूळ. पाणबुड्याला स्वतःचा हात दिसत नाही. अशा जागी शोधायचं कसं, हा पद्धतीचा प्रश्न आहे. तो चुकला की काय होतं, याचं उदाहरण याच आखातात आहे.

2001 चा दावा

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने इथे साइड स्कॅन सोनार फिरवला. 30 ते 40 मीटर खोलीवर चौकोनी, रांगेतल्या आकृत्या दिसल्या. मे 2001 मध्ये ‘बुडालेलं शहर’ जाहीर झालं. पुढे तळातून ओढून काढलेल्या वस्तूंतल्या एका लाकडाच्या तुकड्याचं वय सुमारे 9500 वर्षं निघालं आणि तेच शहराचं वय म्हणून सांगितलं गेलं.

यात तीन उड्या आहेत, त्या वेगळ्या करून बघा.

पहिली उडी. सोनार फोटो काढत नाही. तो तळावरून परतलेला आवाज कागदावर उतरवतो. वाळूच्या लाटा, खडकातल्या भेगा, बोटीचं हेलकावणं, यांच्याही सरळ रेषा उमटतात. त्यामुळे सोनारवर दिसतो तो ‘संशयित ठिपका’. त्याला भिंत म्हणायला हात लागावा लागतो.

दुसरी उडी. वस्तू फासा ओढून वर आणल्या. तेरच्या पांढरीत खड्डा घेतला तर खापर कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होतं हे नोंदवता येतं. ओढून काढलेल्या खापराला थरच नसतो. नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या आखातात दूरवरून सामान आणून टाकतात, त्यामुळे तो तुकडा तिथलाच आहे हेही सांगता येत नाही.

तिसरी उडी. कार्बन पद्धत लाकडाचं वय सांगते. झाड कधी मेलं ते कळतं. त्या लाकडाला माणसाने हात लावला होता की नाही, ते कळत नाही.

संस्थेच्या बाजूने एक गोष्ट म्हणायलाच हवी. तिथल्या प्रवाहात माणूस खाली उतरवणं खरोखरच धोक्याचं. पण ‘दुसरा मार्ग नव्हता’ म्हणून पुरावा मजबूत होत नाही. अशा वेळी निष्कर्ष तेवढाच लहान ठेवायचा असतो.

मग बरोबर कसं करतात?

टेक्सासच्या माटागोर्दा खाडीत 1686 साली ‘ला बेल’ हे फ्रेंच जहाज बुडालं. तिथेही गढूळ पाणी आणि गाळ. 1995 मध्ये टेक्सास हिस्टॉरिकल कमिशनने मॅग्नेटोमीटरने समांतर ओळींत खाडी तपासली. लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक हे यंत्र टिपतं, गाळाखालीसुद्धा. मग संशयित ठिकाणी पाणबुडे उतरले, हाताने चाचपून बघितलं आणि ब्राँझची तोफ वर आली. तेव्हा कुठे ओळख पक्की व्हायला लागली.

उत्खनन मात्र चाचपत करायचं नाही असं ठरलं. जहाजाभोवती पोलादी पत्र्यांची दुहेरी भिंत ठोकली, आतलं पाणी उपसलं आणि कोरड्यावर, थराथराने काम केलं. गाळात प्राणवायू नसल्याने लाकूड पोखरणारे किडे पोचत नाहीत. म्हणून बुडाचं लाकूड, दोर, एका माणसाचा सांगाडासुद्धा टिकला होता. दहा लाखांहून जास्त वस्तू मिळाल्या, त्याही जागच्या नोंदीसह.

हे मॉडेल जसंच्या तसं खंबातला चालणार नाही. ‘ला बेल’ जेमतेम 12 फूट पाण्यात होतं, शिवाय भिंतीचा खर्च प्रचंड. उचलायचा तो क्रम: यंत्राने संशय, हाताने खात्री, मग नोंदीसह खोदकाम.

तुमच्यासाठी

पाण्याखालच्या शोधावरचा पेपर वाचताना समासात चार प्रश्न लिहा. सर्वेक्षणाच्या दोन ओळींत अंतर किती होतं? किती ठिकाणं संशयित निघाली आणि त्यातली किती प्रत्यक्ष तपासली? वस्तू कशाने, कोणत्या थरातून काढली? आणि तपासून ‘काही नाही’ निघालेल्या जागांची यादी दिलीय का?

चौथा प्रश्न बहुतेक जण सोडतात. पण तगरचं कापड नेणारं जहाज उद्या कुणी शोधायला निघालं, तर कुठे बघून झालंय आणि किती बारकाईने, हे त्याला त्याच यादीतून कळणार आहे. तुमच्या प्रबंधात त्या यादीला एक पान ठेवा.