रिकाम्या रकान्याचे लावण्य

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर गावांच्या पानांशेजारी एक चौकट असते: तालुका, जिल्हा, लोकसंख्या, पिनकोड. गावे अनेक, पण चौकटीमागचा साचा एकच. तो मालवणलाही पुरायला हवा आणि दाजीपूरकडे चढणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या, कणकवली तालुक्यातल्या फोंडाघाटलाही. मालवणच्या चौकटीत समुद्रकिनाऱ्याची ओळ शोभेल. फोंडाघाटच्या चौकटीत ती उमटताच कामा नये.

साधा उपाय असा, की ‘किनारा दिला असेल तर ओळ दाखव, नसेल तर गाळ’ अशी अट घालावी. ती वाचताना आपण एका बारीक खुणेपाशी थांबू या. तीन महिरपी कंसांत रकान्याचे नाव, त्यापुढे एक उभी रेघ आणि रेघेपुढे काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ फार मोलाचे आहे. रेघ विसरली, तर न दिलेल्या रकान्याचे नाव कंसांसकट मजकूर म्हणून गणले जाते, अट नेहमीच खरी ठरते आणि फोंडाघाटला कंसातला समुद्र लाभतो!

पण हीच अट पिनकोडाला, लोकसंख्येला, उंचीला, एकेका रकान्याला पुन्हा पुन्हा लिहिली, की महिरपींच्या त्या दाटीत गाव कुठे हरवते ते कळत नाही. एक कंस निसटला की सारी चौकट विस्कटते. २०१३ साली विकिपीडियावर लुआ ही भाषा आली आणि चौकट रचण्याचे काम तिच्यात लिहिलेल्या विभागाकडे सोपवता आले. आता साच्याने फक्त नाव आणि मूल्य सांगायचे; मूल्य रिकामे असेल, नुसती मोकळी जागा असेल, तर ओळ गाळायची, हा नियम विभागात एकदाच लिहिलेला. मला यातली खरी रसिकता इथे दिसते, की शंका एका जागी ठेवल्यामुळे उरलेला साचा निःशंक झाला आहे: लेबल, मूल्य, लेबल, मूल्य, अशा संथ लयीत तो गावाविषयीच बोलतो, आणि नव्या संपादकालाही बिचकल्याविना वाचता येतो.

आपल्या गावाचे पान एकदा संपादनासाठी उघडून पाहा. एखादा रकाना रिता असेल आणि खात्रीची माहिती हाताशी असेल, तर तेवढी भरा; ओळ आपोआप उमटेल.