प्रयत्न, प्रमाद आणि ध्येय

पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ साली असे प्रतिपादिले की, प्राणी विचाराने नव्हे, तर प्रयत्न-प्रमादाने शिकतो. ओरबाडता ओरबाडता कळ दबते, दार उघडते; पुढल्या खेपांस व्यर्थ धडपड हळूहळू गळून पडते. मांजरापुरते हे मान्य. परंतु हाच गज मनुष्यास लावणाऱ्यांनी दादासाहेब फाळके यांचे १९१७-१८ मधील ‘नवयुग’ मासिकातील लेख अवश्य वाचावेत. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण उभे राहिले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून पाहिली, आणि त्या लहानशा प्रयोगाने द्रव्यसाहाय्य करणाऱ्याचीही खात्री पटली. मांजरास दुसऱ्याने कोंडले होते. फाळके आपण होऊन पेटीत शिरले, आणि कोणते दार उघडावयाचे हे त्यांस आधीच ठाऊक होते. ध्येय डोळ्यांपुढे असले म्हणजेच प्रमाद शिक्षक होतो. हे मर्म थॉर्नडाइक यांच्या सिद्धांतात येत नाही. आमच्या घरांतून व शाळांतून मात्र मुलाच्या पहिल्याच चुकीस दंड होतो. मांजरास दार सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा धडपडण्याची मुभा होती. आमच्या मुलांस तेवढीही असू नये काय?