माती आणि वस्त्र : प्राथमिक परिसर अभ्यासातील दोन पाठांची चिकित्सा

प्रस्तावना :
प्राथमिक स्तरावरील परिसर अभ्यासात 'कोणत्या पिकाला कोणती माती' आणि 'माणूस कपडे का घालतो' हे दोन घटक बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. पहिल्याचे ठरलेले उत्तर म्हणजे काळी माती कापसाला, जांभी माती आंबा-काजूला. दुसऱ्याचे म्हणजे ऊन, थंडी व पाऊस यांपासून संरक्षण. दोन्ही उत्तरे बरोबर असूनही अपुरी आहेत. ती कोठे अपुरी पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचन :
दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. कोरडवाहू कपाशी पाऊस सरल्यावरही तग धरते ती या ओलीवर. पाठात रंग येतो, हे कारण येत नाही. मग 'काळा रंग म्हणजे कापूस' एवढेच समीकरण मुलांच्या हाती उरते. वस्तुतः रंगाइतकीच मातीची खोली महत्त्वाची आहे. विदर्भात उतारावरच्या वीतभर मुरमाड जमिनीतही कपाशी लावली जाते आणि पावसाने ओढ दिली की तेथील पीक आधी सुकते. शेतकऱ्याच्या मुलाला हलकी, भारी, बरड, चोपण हे शब्द घरीच मिळालेले असतात. पाठ शिकताना मात्र ते वर्गाच्या दाराबाहेर ठेवावे लागतात. काचेच्या बरणीत माती व पाणी ढवळून ठेवले असता वाळू लगेच तळाशी बसते, पोयटा मागाहून बसतो आणि चिकणमाती पाणी बराच वेळ गढूळ ठेवते. ओल्या मातीची तळहातावर वळी होते की ती तुटते, हेही मूल स्वतः पाहू शकते. या प्रयोगांना खर्च नाही. तरीही फळ्यावरचा तक्ताच अधिक सोयीचा ठरतो!

वस्त्राच्या पाठाची उणीव याहून गंभीर आहे. कपडे केवळ हवामानासाठी असते, तर एकाच गावात, एकाच ऋतूत सर्वांचा पोशाख सारखा दिसला असता. महात्मा गांधींनी १९२१ मध्ये मदुराई येथे पंचा स्वीकारला आणि १९३१ मध्ये लंडनच्या थंडीतही तो सोडला नाही. याउलट डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत व तसे दागिने टाकून देण्यास सांगितले. एकाने दरिद्री माणसाशी नाते जोडण्यासाठी वस्त्र कमी केले. दुसऱ्याने ज्यांच्यावर वस्त्रातून हीनता लादली गेली होती त्यांना ती झुगारावयास लावली. या दोन्ही घटना दहा वर्षांच्या मुलाला समजण्याजोग्या आहेत. विषय 'नाजूक' आहे, या सबबीखाली त्या टाळल्या जातात. पण ज्या मुलाच्या घराने हा अनुभव घेतला आहे, त्याच्यासाठी मौन हेच नाजूकपणाचे लक्षण कसे मानावे?

माती आणि वस्त्र यांना एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवरच झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा अभ्यासक्रम आखला. सूतकताई-विणकाम व शेती हे त्यातील मूलोद्योग होते. टकळीवर सूत काढता काढता गणित, कापसाचा इतिहास व भूगोल शिकावा, ही समवायाची कल्पना. मुलांच्या उत्पादनावर शाळा स्वावलंबी व्हावी, या अपेक्षेवर त्या काळीही टीका झाली आणि ती योग्यच होती. शाळेचा कारखाना करणे कोणासही मान्य होणार नाही. परंतु ती अपेक्षा सोडताना समवायही सुटला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानाला शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा वर्ध्याचे हे जुने सूत्र पुन्हा हाती घेता आले असते.

आज असा पाठ कसा दिसेल? एक क्विंटल कापसापासून साधारणतः ३३ ते ३५ किलो रुई मिळते, उरलेला मोठा भाग सरकीचा. एवढ्या एका आकड्यावरून मूल शेतापासून जिनिंगपर्यंत आणि तेथून सदऱ्यापर्यंत जाऊ शकते. वाटेत 'यात कापूस पिकविणाऱ्याला किती मिळाले?' हा प्रश्न येईलच. २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धाही होता. ज्या घरात कापूस वेचला जातो, तेथील मुलाला हा प्रश्न नवा नाही, केवळ त्याच्या पुस्तकात नाही.

मूल्यमापनाची स्थितीही याहून वेगळी नाही. 'काळी माती' आणि 'कापूस' यांच्या जोड्या लावा, हा प्रश्न एक गुण देतो. 'तुमच्या शिवारातील माती ओळखा व तेथे काय पिकते ते घरी विचारून लिहा' या प्रश्नाची सर्व उत्तरे सारखी येत नाहीत. ती तपासण्यासाठी शिक्षकाला शिवार माहीत असावे लागते.